समुद्राचे गणित मांडणारे व्होल्तेरा

इटली देशाच्या पूर्वेस एड्रिॲटिक नावाचा एक लांबट, चिंचोळा समुद्र आहे. या समुद्राच्या काठी अँकोना नावाचे एक जुने बंदर आहे. तेथे एका ज्यू कुटुंबात इ. स. १८६० च्या मे महिन्याच्या ३ तारखेस व्हीतो व्होल्तेरा यांचा जन्म झाला. गणितज्ञ म्हणून त्यांची कीर्ती युरोप-अमेरिकेत पसरली. परंतु आज त्यांचे नाव गणितज्ञांइतकेच प्राणिशास्त्राचे अभ्यासकही घेतात, आणि त्याला कारण झाले ते याच एड्रिॲटिक समुद्रातील मासे.

व्हीतोच्या जन्माच्या वेळी अँकोना शहर पोपच्या अमलाखाली होते. इटली हे एक राष्ट्र व्हावे म्हणून त्या काळी युद्धे चालली होती. मूल अवघे काही महिन्यांचे असताना एकीकरणासाठी लढणाऱ्या सैन्याने अँकोनास वेढा घातला. शहरावर तोफा धडाडू लागल्या. एक गोळा व्होल्तेरांच्या घरावर येऊन पडला आणि पाळण्याचा चुराडा झाला. मूल मात्र वाचले, असे सांगतात.

व्हीतो दोन वर्षांचा असताना त्याचे वडील वारले. ते कापडाचे व्यापारी होते. पण मागे फारसे काही राहिले नव्हते. तेव्हा व्हीतोच्या मामांनी आपल्या बहिणीला व भाच्याला आधार दिला. मामा बँकेत नोकरीस होते. त्यांच्या बदल्यांबरोबर हे लहानसे कुटुंबही गावोगाव फिरले आणि अखेरीस फ्लॉरेन्स येथे स्थिरावले. व्हीतोचे शिक्षण तेथेच झाले.

अकरा वर्षांचा असतानाच व्हीतो अंकगणिताचे व भूमितीचे मोठे ग्रंथ घेऊन बसू लागला. तेराव्या वर्षी त्याच्या हाती ज्यूल व्हर्न यांची एक कादंबरी आली. तोफेतून उडवलेल्या गोळ्यात बसून माणसे चंद्राकडे जातात, अशी तिची कथा आहे. इतर मुलांनी ती कथा वाचून चंद्रावरची स्वप्ने पाहिली असती. व्हीतोच्या मनात मात्र एकच प्रश्न घोळू लागला. असा गोळा खरोखरच उडवला तर तो कोणत्या वाटेने जाईल? पृथ्वी त्याला मागे ओढणार, चंद्र पुढे ओढणार. आणि गोळा जसजसा पुढे जाईल तसतशी ही दोन्ही ओढ क्षणोक्षणी बदलत राहणार. मग हिशेब करावा तरी कसा? मुलाने एक युक्ती काढली. त्याने वेळेचे अगदी बारीक बारीक तुकडे पाडले. एवढ्याशा तुकड्यात ओढ बदलत नाही असे धरून त्याने गोळा किती सरकला ते काढले, मग पुढचा तुकडा घेतला, मग त्याच्या पुढचा. सतत बदलणाऱ्या गोष्टीचा हिशेब मांडण्याची हीच रीत पुढे त्यांना आयुष्यभर उपयोगी पडली. सुमारे चाळीस वर्षांनी, १९१२ साली, पॅरिसच्या विद्यापीठात व्याख्याने देताना त्यांनी बालपणीचा हा प्रश्न पुन्हा घेतला होता.

पण घरात निराळीच काळजी होती. मुलगा हुशार खरा. पण गणितावर पोट कसे भरणार? त्याने बँकेत लागावे आणि आईला सुखाचे दिवस दाखवावेत, अशी घरच्यांची इच्छा होती. व्हीतो ऐकेना. तेव्हा त्याची समजूत घालण्यासाठी नात्यातील एक इंजिनियर एदोआर्दो आल्माज्या यांना सांगण्यात आले. आल्माज्या मुलाशी बोलावयास बसले आणि बोलता बोलता त्यांचेच मत पालटले. या मुलाला बँकेत बसवणे म्हणजे त्याचे नुकसान करणे होय, असे त्यांनी घरच्यांना कळवले. पुढे कित्येक वर्षांनी याच आल्माज्यांची कन्या व्हर्जिनिया हिच्याशी व्होल्तेरांचा विवाह झाला. त्या वेळी आंतोन्यो रोइती नावाच्या पदार्थविज्ञानाच्या शिक्षकांनीही व्हीतोस मदतीचा हात दिला. विद्यापीठात प्रवेश होण्यापूर्वीच त्यांनी त्याला आपल्या प्रयोगशाळेत साहाय्यकाची लहानशी नोकरी मिळवून दिली. त्यामुळे घरची चिंता मिटली आणि व्हीतोची वाट मोकळी झाली.

यानंतरची प्रगती झपाट्याची आहे. १८७८ साली व्हीतो पिसा येथील विद्यापीठात दाखल झाला, १८८२ मध्ये त्याने डॉक्टरची पदवी मिळवली आणि १८८३ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, व्होल्तेरा त्याच विद्यापीठात प्राध्यापक झाले. तेथून ते तुरिन येथे व १९०० साली रोम येथे गेले. गणितातील त्यांच्या शोधांचा मान म्हणून १९०५ साली त्यांना इटलीच्या सिनेटचे सभासद नेमण्यात आले. १९१५ साली इटली पहिल्या महायुद्धात उतरली, तेव्हा व्होल्तेरा पंचावन्न वर्षांचे होते. घरी बसून राहणे त्यांना रुचले नाही. ते लष्कराच्या इंजिनियर दलात दाखल झाले आणि त्यांनी हवाई जहाजांवर काम केले. हवाई जहाजात त्या काळी हायड्रोजन वायू भरीत, आणि तो ठिणगी पडताच पेट घेई. त्याऐवजी हेलियम हा न पेटणारा वायू वापरावा, अशी सूचना त्यांनी केली.

युद्ध संपले. व्होल्तेरा पुन्हा आपल्या गणिताकडे वळले. वयाची साठी उलटली होती. मोठमोठ्या संस्थांची कामे त्यांच्याकडे होती. १९२३ साली स्थापन झालेल्या इटलीच्या राष्ट्रीय संशोधन मंडळाचे ते पहिले अध्यक्ष होते. या वयात माणसे नवा विषय सहसा हाती घेत नाहीत.

नवा विषय त्यांच्या घरीच चालून आला. त्यांची कन्या लुइसा प्राणिशास्त्र शिकली होती. तिचे लग्न १९२६ साली उंबेर्तो दांकोना या तरुण प्राणिशास्त्रज्ञाशी झाले. दांकोना माशांचा अभ्यास करीत. व्हेनिस, त्रिएस्ते व फ्यूम या एड्रिॲटिक समुद्रावरील तीन बंदरांच्या बाजारांत कोणत्या जातीचे मासे किती आले, याच्या अनेक वर्षांच्या नोंदी त्यांनी मिळवल्या होत्या. त्या नोंदी चाळताना त्यांना एक विचित्र गोष्ट आढळली.

समुद्रातील मासे ढोबळ मानाने दोन प्रकारचे मानता येतील. तारलीसारखे काही मासे पाण्यातील सूक्ष्म जीवांवर वाढतात. मुशी, पाकट यांसारखे मासे दुसऱ्या माशांना खाऊन जगतात. पहिल्यांना भक्ष्य म्हणू आणि दुसऱ्यांना भक्षक. माणसाला बाजारात अधिक हवे असतात ते पहिल्या प्रकारचे. मुशी आणि पाकट यांना तेथे फारशी मागणी नसे. फ्यूमच्या बाजारात १९१४ साली आलेल्या मासळीत या भक्षकांचा वाटा शेकडा ११.९ होता. १९१५ मध्ये तो २१.४ झाला. १९१८ मध्ये तर तो शेकडा ३६.४ इतका वाढला. म्हणजे जाळ्यात सापडलेल्या मासळीपैकी एक तृतीयांशाहून अधिक मुशी-पाकटेच! त्यानंतर हा वाटा उतरत गेला आणि १९२३ मध्ये १०.७ वर आला.

ही १९१५ ते १९१८ ची वर्षे कोणती? ती महायुद्धाची वर्षे होत. एड्रिॲटिकच्या एका काठास इटली आणि दुसऱ्या काठास तिचा शत्रू ऑस्ट्रिया-हंगेरी. त्या समुद्रात युद्धनौका फिरत होत्या. अशा पाण्यात कोळ्यांच्या होड्या कोठून जाणार? मासेमारी फार कमी झाली. मासेमारी थांबली म्हणून मासे वाढले, हे कोणीही समजू शकेल. पण मग सगळेच मासे सारख्या प्रमाणात वाढावयास हवे होते. किंबहुना ज्यांना माणूस अधिक पकडीत असे, त्या भक्ष्य माशांचा वाटा वाढावयास हवा होता. घडले ते नेमके उलट. कोळ्याचे जाळे दूर झाले आणि त्याचा लाभ मुशी-पाकटांस मिळाला. असे का व्हावे, हे दांकोना यांना उलगडेना. तेव्हा त्यांनी हा प्रश्न व्होल्तेरांपुढे ठेवला.

सासऱ्यांनी जावयाच्या प्रश्नाचे उत्तर माशांच्या पोटात शोधले नाही. त्यांनी कागद घेतला. तेराव्या वर्षी तोफगोळ्यासाठी केले होते तेच त्यांनी येथे केले. काळाचा एक बारीक तुकडा घेतला आणि विचारले की, एवढ्या वेळात भक्ष्य मासे किती वाढतील? जितके मासे आहेत त्या मानाने नवे जन्मतील, आणि भक्षकांशी गाठ पडून काही खाल्ले जातील. ही गाठ किती वेळा पडेल? भक्ष्य दुप्पट झाले तर गाठी दुप्पट. भक्षक दुप्पट झाले तरी गाठी दुप्पट. आता भक्षकांचे पाहू. त्यांना खावयास मिळाले तर त्यांची पिले वाढतील. न मिळाले तर ते उपासमारीने घटत जातील. एवढे साधे हिशेब दोन समीकरणांत त्यांनी बसवले. एक समीकरण भक्ष्याचे, दुसरे भक्षकाचे; आणि प्रत्येकात दुसऱ्याची संख्या आलेली. एकाला सोडून दुसरे सुटणारच नाही, अशी ती जोडी होती.

समीकरणे सोडवल्यावर दिसले की ही दोन्ही कुळे कधी स्वस्थ बसत नाहीत. समजा, समुद्रात भक्षक थोडे आहेत. मग भक्ष्य मासे निर्धास्तपणे वाढतात. भक्ष्य वाढले की भक्षकांचे पोट भरते आणि काही काळाने तेही वाढतात. भक्षक फार झाले की भक्ष्यांचा फडशा पडू लागतो. भक्ष्य घटले की भक्षकांची उपासमार होते, ते मरू लागतात. आणि ते थोडे उरले की भक्ष्य मासे पुन्हा डोके वर काढतात. असा हा झोका सतत चालतो. भक्षकांची लाट नेहमी भक्ष्यांच्या लाटेच्या मागून येते. समुद्रात कोणी काही बिघडवले नाही, हवामान बदलले नाही, रोग पसरला नाही, तरी नुसत्या खाण्याच्या नात्यामुळेच संख्या वर-खाली होत राहतात. त्या काळच्या प्राणिशास्त्रज्ञांना ही गोष्ट नवी होती. माशांची संख्या कमी-अधिक झाली की ते बाहेरचे कारण शोधीत.

पण दांकोनांचे कोडे अजून सुटावयाचे होते. या झोक्यात कोळ्याचे जाळे घातले तर काय होईल? जाळे भक्ष्य आणि भक्षक दोघांनाही त्यांच्या त्यांच्या संख्येच्या मानाने पकडते असे व्होल्तेरांनी धरले आणि दोघांची सरासरी काढली. उत्तर आश्चर्यकारक होते. बेताची मासेमारी केली असता भक्षकांची सरासरी घटते, पण भक्ष्यांची सरासरी वाढते! ज्यांना पकडावे तेच वाढतात, हे प्रथम ऐकणाऱ्यास खोटे वाटेल. म्हणून त्यामागचे कारण नीट समजून घेतले पाहिजे.

मुशींची संख्या आहे तेवढी टिकावयाची असेल तर जितक्या मुशी मरतात तितक्या नव्या मुशी वाढून तयार झाल्या पाहिजेत. जाळे आले की मरणाऱ्या मुशींची संख्या वाढली. ती भर काढावयास अधिक पिले जगली पाहिजेत, आणि अधिक पिले जगावयास प्रत्येक मुशीला पूर्वीपेक्षा अधिक खाद्य मिळाले पाहिजे. तेवढे खाद्य समुद्रात नसेल तर मुशी घटत राहणार. किती घटणार? भक्ष्य मासे वाढून पुरेसे दाट होईपर्यंत. म्हणजे समुद्रात भक्ष्य मासे सरासरी किती असावेत, हे भक्ष्य माशांच्या जन्मावरून ठरत नाही. ते भक्षकांच्या मरणावरून ठरते. जाळ्याने तारली मरतात हे खरे. पण त्याच जाळ्याने त्यांचे वैरीही मरतात, आणि या व्यवहारात तारलींना नफा होतो. जाळे उचलले की सारे उलट होते. युद्धाच्या वर्षांत एड्रिॲटिकमध्ये तेच घडले होते.

या नियमाला एक मर्यादा आहे आणि तीही समीकरणातच दडलेली आहे. मासेमारी बेताची असेल तोवरच हे खरे. भक्ष्य मासे जितक्या वेगाने वाढतात त्याहून अधिक वेगाने त्यांना पकडू लागले, तर प्रथम भक्षक व मागोमाग भक्ष्य असे दोघेही संपतील. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यंत्राच्या नौका आणि मोठमोठी जाळी आली. एड्रिॲटिकमधील मुशी व पाकटे त्यानंतर फारच थोडी उरली.

व्होल्तेरांनी हे संशोधन १९२६ साली प्रसिद्ध केले. इंग्लंडमधील नेचर या नियतकालिकात त्याचा सारांश आला. त्यानंतर लवकरच त्यांना कळले की अमेरिकेत आल्फ्रेड लोटका नावाच्या गृहस्थांनी अशीच समीकरणे आधीच मांडली आहेत. लोटका एका विमा कंपनीत नोकरी करीत व उरलेल्या वेळात शास्त्राचा अभ्यास करीत. त्यांचा ग्रंथ १९२५ साली निघाला होता. दोघांनी एकमेकांचे काम न पाहताच एकच वाट काढली होती. व्होल्तेरा जगप्रसिद्ध होते आणि लोटका त्या मानाने अपरिचित. तरीही या समीकरणांच्या बाबतीत लोटका आपल्या आधीचे आहेत, हे व्होल्तेरांनी छापील मान्य केले. आज ही समीकरणे दोघांच्याही नावाने ओळखली जातात.

खरा समुद्र दोन जातींचा नसतो, हे व्होल्तेरांना ठाऊक होते. तारलीला एकटी मुशी खात नाही आणि मुशीही एकट्या तारलीवर जगत नाही. कोण कोणास खातो याच्या रेघा काढू लागले तर कोळ्याच्या जाळ्यासारखे गुंतागुंतीचे चित्र तयार होते. म्हणून त्यांनी पुढे अनेक जातींची समीकरणे मांडली. एकाच खाद्यावर दोन जाती जगत असतील तर काय होते, आज खाल्लेल्या अन्नाचा परिणाम काही काळानंतर दिसत असेल तर काय होते, अशा प्रश्नांवर ते दहा-बारा वर्षे काम करीत राहिले. १९३१ मध्ये पॅरिस येथे या विषयावरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९३५ मध्ये त्यांनी व दांकोनांनी मिळून आणखी एक पुस्तक लिहिले.

हे गणित खऱ्या प्राण्यांना लागू पडते काय, हे पाहण्याचा प्रयत्न मॉस्को येथील गॉझ नावाच्या तरुण शास्त्रज्ञाने केला. १९३४ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुस्तकात हे प्रयोग दिले आहेत. त्याने काचेच्या नळीत पॅरामिशियम नावाचे सूक्ष्म जीव वाढवले आणि त्यांना खाणारे डिडिनियम नावाचे दुसरे सूक्ष्म जीव त्यात सोडले. झोका काही सुरू झाला नाही. डिडिनियमने सगळे पॅरामिशियम खाऊन टाकले आणि मग ते स्वतः उपाशी मेले. नळीच्या तळाशी गाळ ठेवला तेव्हा काही पॅरामिशियम त्यात लपून वाचले; पण मग भक्षकच उपाशी मेले. अधूनमधून बाहेरून दोन्ही जातींचे थोडे जीव आणून सोडले तेव्हाच संख्या वर-खाली होऊ लागल्या. समुद्रात लपावयास जागा असतात, एका भागातून दुसऱ्या भागात ये-जा चालते. काचेच्या नळीत यांपैकी काहीच नसते. भक्ष्य-भक्षकांचे नाते टिकण्यास अशा गोष्टी लागतात, हे या फसलेल्या प्रयोगांनी शिकवले. पुढे १९७२ साली रॉबर्ट मे या शास्त्रज्ञाने गणिताने दाखवले की, जाती पुष्कळ आहेत एवढ्याने जीवांचे जाळे आपोआप टिकाऊ होत नाही. कोणाचे नाते कोणाशी किती आणि कसे आहे, हे पाहावे लागते. या साऱ्या शोधांची सुरुवात व्होल्तेरांच्या दोन समीकरणांपासून झाली.

व्होल्तेरा माशांच्या गणितात गढलेले असताना त्यांच्या देशात मोठा बदल होत होता. १९२२ साली बेनितो मुसोलिनी सत्तेवर आला आणि पाहता पाहता इटलीत हुकूमशाही सुरू झाली. विरोधी पक्ष मोडून काढण्यात आले, वर्तमानपत्रांचा गळा आवळण्यात आला. व्होल्तेरांनी सिनेटमध्ये सरकारास विरोध केला. १९२५ साली देशातील काही विचारवंतांनी हुकूमशाहीचा निषेध करणारे एक पत्रक काढले; त्यावर व्होल्तेरांनी सही केली. हळूहळू त्यांच्याकडील मानाच्या जागा काढून घेण्यात आल्या. पोलिसांची त्यांच्यावर नजर राहू लागली.

१९३१ साली सरकारने हुकूम काढला की, विद्यापीठातील प्रत्येक प्राध्यापकाने मुसोलिनीच्या राजवटीशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्यावी. जो घेणार नाही त्याची नोकरी जाईल. देशात बाराशेंहून अधिक प्राध्यापक होते. कित्येकांना ही शपथ पटत नव्हती. पण घरसंसार होता, वर्षानुवर्षांची प्रयोगशाळा होती, हाताखालचे विद्यार्थी होते. एकेक करून त्यांनी शपथ घेतली. नकार देणारे सगळ्या इटलीत अवघे बारा निघाले. व्होल्तेरा त्या बारांपैकी एक होते. आपण ही शपथ घेऊ शकत नाही, असे त्यांनी विद्यापीठाच्या प्रमुखांस थोडक्यात लिहून कळवले. ज्या विद्यापीठात त्यांनी तीस वर्षे शिकवले होते त्याचे दार त्यांना बंद झाले. त्या वेळी त्यांचे वय एकाहत्तर होते.

१९३४ साली विद्वत्सभांच्या सभासदांसही अशीच शपथ सक्तीची झाली. व्होल्तेरांनी पुन्हा नकार दिला आणि इटलीतील सर्व विद्वत्सभांतून त्यांचे नाव गेले. यांत एक सभा अशी होती की जिचे ते स्वतः अध्यक्ष होते. परदेशात मात्र त्यांचा मान कमी झाला नाही. पॅरिस, माद्रिद वगैरे ठिकाणी त्यांना व्याख्यानास बोलावीत. १९३६ साली पोपच्या विज्ञानसभेने त्यांना सभासद करून घेतले. १९३८ साली इटलीत ज्यू लोकांविरुद्ध कायदे झाले. व्होल्तेरांच्या मुलांच्याही जागा गेल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस व्होल्तेरांना पायाच्या शिरांचे दुखणे जडले. हिंडणे-फिरणे कमी झाले, तरी त्यांचे लेखन शेवटपर्यंत चालू होते.

१९४० च्या ऑक्टोबर महिन्याच्या ११ तारखेस रोम येथे त्यांचा मृत्यू झाला. इटली त्या वेळी दुसऱ्या महायुद्धात उतरली होती. एवढा मोठा गणितज्ञ गेला, पण देशातील विद्यापीठांनी व विद्वत्सभांनी दुःखाचा शब्द काढला नाही. रोमजवळच्या आरिच्चा या गावी, जेथे त्यांचे एक घर होते, तेथे त्यांना पुरण्यात आले.

व्होल्तेरांच्या मृत्यूनंतर थोड्याच वर्षांत त्यांच्या नियमाचा प्रत्यय जमिनीवरही आला. अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात संत्र्या-लिंबांच्या मोठमोठ्या बागा आहेत. एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रेलियातून चुकून तेथे एक कीड आली. कापसासारख्या पांढऱ्या मेणाने अंग झाकून ती फांद्यांना चिकटून बसते आणि झाडाचा रस शोषते. तिने बागा उजाड करावयास घेतल्या. तेव्हा १८८८ साली ऑस्ट्रेलियातच शोध करून तिला खाणारा लाल व काळ्या रंगाचा लहानसा ढालकिडा आणण्यात आला. सुरुवातीस आणलेले ढालकिडे होते काही शेकडेच. पण दोन वर्षांच्या आत त्यांनी कीड आटोक्यात आणली. कीड नाहीशी झाली नाही, ढालकिडेही नाहीसे झाले नाहीत. दोघेही थोड्या संख्येने अर्धशतकाहून अधिक काळ त्या बागांत नांदले. पुढे १९४० नंतरच्या दशकात डीडीटी नावाचे जहाल औषध निघाले. दुसऱ्या किडी माराव्यात म्हणून बागाइतदारांनी ते फवारले. ढालकिडे त्याने झपाट्याने मेले. मेणाखालच्या किडीला ते तितकेसे बाधले नाही. पण दोघे सारख्याच प्रमाणात मेले असते तरीही सरासरीने किडीचीच वाढ झाली असती, हे व्होल्तेरांचे समीकरण सांगते. कारण येथे कीड हे भक्ष्य होते आणि ढालकिडा हा भक्षक. औषध फवारलेल्या बागांत पांढरी कीड पुन्हा फांद्याफांद्यांवर पसरली. ती आवरण्यासाठी फवारणी थांबवावी लागली आणि ढालकिडे दुसरीकडून आणून झाडांवर सोडावे लागले.